जुन्या चेक व्हीटीएलचं सीएनसी रेट्रोफिट: काम भारी, सर्व्हिस बरी, टीव्ही कशाला?

पाचपैकी साडेतीन. आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना नुसता आकडा बघायचाय त्यांची सुटका. आमचं जुनं मशीन ज्या पार्टीनं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं) करून दिलं, म्हणजे रेट्रोफिट केलं, त्यांचं नाव टाकणार नाही, पुण्याकडची आहेत एवढं पुरे, काम त्यांनी केलंय, पैसे घेतलेत, मधे भांडण झालंय आणि मिटलंय पण, त्यामुळं आता नाव काढून गावभर बोंब मारण्यात काय अर्थ नाही. पण कशाला पैसे द्यायचे आणि कशाला द्यायचे नाहीत हे लिहावं वाटलं, कारण शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल फाइव्ह स्टार, कोल्हापूरच्या ह्या तिन्ही एमआयडीसीत सध्या जो भेटेल तो विचारतोय "जुनं मशीन सीएनसी करून घेऊ का रे", आणि ह्या प्रश्नाला उत्तर देणारा प्रत्येकजण काहीतरी विकायला बसलेला असतो.

मशीन कुठलं ते सांगतो. दोन मीटर टेबलची व्हीटीएल (उभं लेथ, जॉब आडव्या गोल टेबलवर बसून फिरतो), टॉस हुलीन कंपनीची, पाटीवर अजून मेड इन चेकोस्लोव्हाकिया लिहिलंय, तो देश १९९३ ला फुटून दोन झाले पण मशीन अखंड आहे. असली चेक मशीनं आपल्या देशात इतकी कशी आली तर रांचीचं एचईसी (हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन) काय किंवा हैदराबादजवळचा रामचंद्रपुरमचा भेलचा कारखाना काय, दोन्हीच्या उभारणीत चेकोस्लोव्हाकियाचा हात होता, त्या काळात जड मशीन म्हटलं की चेक, रशियन नाहीतर पूर्व जर्मनीचं. आमच्या काकांनी हे लिलावात उचललं तेव्हा घरातल्या सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं, एवढं धूड ठेवणार कुठं म्हणून. पण काकांचं एकच म्हणणं, बीड (ओतीव लोखंड) मुरलेलं आहे, कॉलम आता हलायचा नाही. आणि खरंच आहे ते, नव्या कास्टिंगला स्ट्रेस रिलीव्ह नीट केलं नसेल तर वर्षा-दोन वर्षात गाईडवे (सरकायच्या पट्ट्या) वाकडे व्हायला लागतात, ह्याच्या अंगातलं जे काय निघायचं ते कधीच निघून गेलंय.

आमचं काम स्टीम टर्बाईन आणि कॉम्प्रेसरच्या पार्टचं. त्यात दोन भाग. एक साखर कारखान्यांचं रिपेअर, ते ऑफ-सीझनला, म्हणजे उन्हाळ्यापासनं दसरा-दिवाळीपर्यंत. पूर्वी मिल फिरवायला छोटी सिंगल स्टेज टर्बाईन असायची, २१ नाहीतर ३२ एटीए (वाफेच्या दाबाचं माप) वाफेवर चालणारी, ती कमी होत चालली कारण मिलला आता इलेक्ट्रिक मोटर बसवतात आणि वाफ सगळी को-जनरेशनच्या, म्हणजे वीज बनवायच्या, मोठ्या टर्बाईनला, ६७, ८७, ११० एटीए. म्हणजे जॉब (मशीनवर येणारे नग) कमी झाले पण जे येतात ते मोठे आणि नखरेल. दुसरा भाग बाराही महिने, टर्बाईन-कॉम्प्रेसर बनवणाऱ्या कंपन्यांसाठी केसिंग, सिलेंडर, बेअरिंग हाऊसिंग असलं मशीनिंग.

आणि गळा आवळला तो ह्या दुसऱ्या भागानं. मोठ्या कारखान्यांचं आधुनिकीकरण जोरात चाललंय, फाइव्ह ॲक्सिस मशीनवर अख्खा इम्पेलर (कॉम्प्रेसरचं पात्यांचं चाक) एका फोर्जिंगमधनं कोरून काढतात, पूर्वी वेगवेगळ्या पट्ट्या वेल्ड करून बनवायचे तो, रोटर व्हॅक्युमच्या बोगद्यात पूर्ण स्पीडला फिरवून बॅलन्स करतात, सगळं भारी आहे. पण त्यांना लागणारं बरंच ओझ्याचं काम, केसिंग, हाऊसिंग, हे बाहेरनं आपल्यासारख्यांकडनंच होऊन जातं, आणि त्यांनी तिकडं मशीनं बदलली की इकडं ड्रॉइंगवरचे टॉलरन्स (माप किती चुकलं तर चालतं ती मर्यादा) आवळतात. आधी डायमेन्शन रिपोर्ट हातानं लिहून चालायचा. आता हीट नंबरपासनं (धातूच्या ओतणीचा नंबर) सगळं मागं नेता आलं पाहिजे, मटेरियलला ईएन १०२०४ चं ३.१ सर्टिफिकेट पाहिजे, पहिल्या जॉबचा वेगळा इन्स्पेक्शन रिपोर्ट पाहिजे, आणि मशीनची पोझिशनिंग ॲक्युरसी आयएसओ २३०-२ प्रमाणे लेझरनं मोजलेली पाहिजे. हाताच्या चाकावर डायल लावून चालवायच्या मशीनचा लेझर रिपोर्ट काय देणार, कपाळ?

टर्बाईनच्या केसिंगचं ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, हे आडवं चिरलेलं असतं, वरचा अर्धा आणि खालचा अर्धा, रोटर आत ठेवायला. आधी दोन्ही अर्ध्यांचे जॉइंट फेस (सपाट) करायचे, मग डॉवेल (पिना) घालून बोल्ट आवळून एक करायचं आणि मग आतले बोअर (गोल भोकं) आणि डायाफ्रामच्या (आतल्या पडद्यांच्या) खोबणी एका सेटिंगमधे काढायच्या. आमच्या साइजची केसिंग आम्ही व्हीटीएलवर उभी करून घेतो. इथं बोअर एकमेकाला एका सेंटरवर नसले की रोटर आणि सीलमधली फट एका बाजूला जास्त, वाफ गळते, नाहीतर घासतं. कॉम्प्रेसरचं तर विचारूच नका, एपीआय ६१७ ह्या स्टँडर्डवाल्या सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसरच्या केसिंगला कामाच्या कमाल प्रेशरच्या दीडपट पाण्याचं प्रेशर देऊन कमीत कमी ३० मिनिटं ठेवतात, फेस वाकडा असला की तिथंच घाम फुटतो, केसिंगला पण आणि आपल्याला पण.

तर नवीन मशीन घ्यायचं का हे रेट्रोफिट. नव्याचं कोटेशन बघून काकांनी चष्मा पुसून परत बघितलं. रेट्रोफिट साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात बसलं, फाउंडेशन पण तेच राहिलं, आणि ज्यांनी कधी व्हीटीएलचं फाउंडेशन खणलंय त्यांना ह्याची किंमत कळेल.

आता पार्टीनं काय काय केलं. जुनी डीसी मोटर आणि तिचं थायरिस्टरचं कपाट काढून एसी मोटर आणि नवीन ड्राइव्ह, गिअरबॉक्स तोच. एक्स (आडवी) आणि झेड (उभी) ह्या दोन ॲक्सिसला लीडस्क्रू काढून बॉलस्क्रू आणि सर्वो मोटर. दोन्हीला लिनिअर स्केल (किती सरकलं ते मोजणारी पट्टी). सिमेन्सचा सिन्युमेरिक ८२८डी कंट्रोल. नवीन लुब्रिकेशन. गाईडवेला टर्साईट (घसरण कमी करणारं प्लॅस्टिकचं अस्तर) आणि स्क्रॅपिंग. आणि शेवटी, न मागता, एक "स्मार्ट फॅक्टरी पॅकेज", त्याच्यावर खाली येतो.

कोटेशनमधे कंट्रोल, ड्राइव्ह, मोटर ह्यांची दोन पानं मॉडेल नंबरासकट आणि लोखंडाच्या कामाची एक ओळ, "मेकॅनिकल ओव्हरहॉलिंग ॲज रिक्वायर्ड". ही ओळ दिसली की सावध व्हा. नुसता कंट्रोल बदलणं म्हणजे गुडघा गेलेल्या पैलवानाला नवा फेटा बांधून आखाड्यात सोडण्यातला प्रकार. कंट्रोल सांगणार मी अमुक मायक्रॉनवर आहे, स्केल पण सांगणार आहे, आणि रॅम (टूल धरणारा उभा दांडा) वर-खाली होताना वाकडा चालत असेल तर बोअर टेपरच (एका टोकाला बारीक) येणार, कारण रॅम वाकडा चाललाय हे स्केलला कळत नाही, ते फक्त किती सरकला एवढंच मोजतं.

आमच्याकडं नेमकं तेच झालं. सगळं बसवून झालं, स्क्रीन चमकतीय, त्यांच्या इंजिनिअरनं ॲल्युमिनियमचा एक छोटा तुकडा लावून सुंदर कट मारून दाखवला, फोटोबिटो काढले आणि म्हणाला साइन करा. मी म्हटलं साइन होईल, पण आमचा जॉब लावून. बिडाचं एक रिजेक्ट कॉम्प्रेसर केसिंग पडलं होतं, ते चढवलं, उंच बोअर, वरपासनं खालपर्यंत एका टूलनं फिनिश कट. वर आणि खाली माप घेतलं तर टेपर, बोटानं कळण्याइतका नाही पण आमच्या ड्रॉइंगला तिप्पट. इंजिनिअर म्हणतोय टूल झिजलं असेल. टूल बदललं, तेवढाच टेपर. मग म्हणतोय सॉफ्टवेअरमधे कॉम्पेन्सेशन टाकून देतो.

इथं आमचे मामा (मशीनवरचे जुने ऑपरेटर, कुणाचे मामा ते माहीत नाही, सगळ्या शॉपचेच मामा) बोलले, "क्रॉसरेल वर घेऊन बघा की एकदा, तितं येगळा यील आकडा." क्रॉसरेल, म्हणजे रॅम ज्याच्यावर बसतो तो आडवा तुळईसारखा भाग, वर नेली, आणि टेपर वेगळाच आला, उलट्या बाजूचा. म्हणजे क्रॉसरेल उचलणारे दोन्ही स्क्रू सारखे झिजलेले नाहीत, रेल प्रत्येक उंचीला थोडी वेगळी कलते, आता सॉफ्टवेअरमधे कुठल्या उंचीचं कॉम्पेन्सेशन टाकणार? विषय तिथंच हार्ड झाला. इंजिनिअर गप्प, बाहेर जाऊन लांब फोन.

पार्टीच्या बाजूनं एक बोललं पाहिजे, त्यांनी ते काम टाळलं नाही. आठवडाभर "आमच्या स्कोपमधे नाही" चाललं, ईमेलवर भांडाभांडी झाली, शेवटी त्यांनी इचलकरंजीकडच्या एका वयस्कर मिस्त्रींना पाठवलं. आणि मित्रांनो, ह्या रिव्ह्यूतले अडीच स्टार त्या एका माणसाचे. आला, डबा ठेवला, कंट्रोलकडं बघितलं पण नाही. आधी मास्टर लेव्हल घेऊन टेबल तपासलं, मग टेबलवर दंडगोल उभा करून रॅमला डायल लावून दोन्ही दिशेनं वर-खाली, मग क्रॉसरेल टप्प्याटप्प्यानं वर नेत प्रत्येक ठिकाणी तेच, आणि खडूनं कॉलमवरच आकडे लिहीत गेला. मग म्हणाला स्क्रू-नट बदला, रेल कुठं पण थांबवायची नाही, ठरलेल्या उंचीवर थांबायची, तिथं स्टॉप आणि क्लँप, आणि सॅडलचं टर्साईट परत घासायला लागतंय.

स्क्रॅपिंग बघितलं नसेल तर एकदा बघाच. निळा लावायचा, सरळ पट्टी फिरवायची, जिथं उंचवटा तिथं रंग लागतो, तेवढाच ठिपका स्क्रॅपरनं खरवडायचा, पुसायचं, परत निळा. इंचाच्या चौकोनात बारा ते सोळा ठिपके पसरून यायला पाहिजेत, तोपर्यंत हेच. कुठलं मशीन नाही, एसी रूम नाही, माणूस मांडी घालून बसलाय आणि मायक्रॉनमधे लोखंड काढतोय. मधल्या खड्ड्यांत तेल टिकतं म्हणून घसरण गुळगुळीत राहते आणि स्लो फीडला रॅम अडखळत नाही. आणखी एक, क्रॉसरेल त्यांनी एकदम काटकोनात ठेवली नाही, किंचित अशी ठेवली की फेस मारला तर मधे नावाला खोलगट यावा, फुगीर कधीच येऊ नये. स्टँडर्डमधे पण हेच आहे, फेसिंगला फक्त खोलगट चालतो, कारण दोन फुगीर फेस एकमेकावर ठेवले की मधे टेकतात आणि कडा उघड्या, बोल्ट कितीही आवळा गॅस्केट रडतंच. मिस्त्रींनी स्टँडर्ड वाचलं नसावं बहुतेक, पण आकडा त्याच्यातच बसला.

त्यानंतर तेच रिजेक्ट केसिंग परत लावलं. टेपर गेला. लेझरवाला बोलावून रिपोर्ट काढला, कस्टमरच्या मर्यादेच्या बराच आत. तेव्हा साइन केली.

कंट्रोलबद्दल तक्रार नाही. सगळ्यात मोठा फायदा झाला तो कॉन्स्टंट सरफेस स्पीडचा, जी९६. समजा १८०० मिलिमीटर व्यासाचा फ्लँज फेस करायचाय आणि कटिंग स्पीड मिनिटाला ८० मीटर पाहिजे, तर बाहेरच्या कडेला टेबल मिनिटाला १४ फेऱ्यांच्या आसपास फिरायला लागतं, आणि टूल आत ६०० वर आलं की ४२. जुन्या मशीनला मामा मधेच थांबवून गिअर बदलायचे, फेसवर त्याची रिंग उठायची, नाहीतर एकाच स्पीडला मारायचे आणि आतल्या बाजूला फिनिश खरखरीत. आता स्पीड आपोआप चढत जातं आणि फेस एका रंगाचा निघतो. पण सावध, हेच फीचर जीव पण घेऊ शकतं. अर्धं केसिंग टेबलवर असेल, एका बाजूला वजन, आणि टूल सेंटरकडं गेलं की कंट्रोल बिनधास्त स्पीड वाढवत नेतो, त्याला काय माहिती वर काय ठेवलंय. म्हणून कमाल स्पीडची मर्यादा प्रत्येक प्रोग्रामच्या सुरुवातीला टाकायचीच, आणि आम्ही तर पार्टीकडनं गिअरप्रमाणे मशीनमधेच एक कुलूप घालून घेतलं, ऑपरेटरनं विसरलं तरी त्याच्या वर जात नाही. हे त्यांनी चांगलं केलं, एका बोलण्यात केलं. तसंच टेबलच्या स्लाइडला तेलाचं प्रेशर नसेल तर टेबल फिरतच नाही, आणि लाइट गेली तर रॅम खाली घसरू नये म्हणून झेडला ब्रेक. वळवाच्या पावसात आपल्याकडं लाइटचं काय होतं ते सांगायला नको, एकदा फिनिश कट चालू असताना गेली, ब्रेकनं रॅम जागच्या जागी धरला, जॉबवर एक बारीक रेघ, तेवढ्यावर भागलं.

आता कापलेल्या दीड स्टारचा हिशोब.

पहिलं, पॅनल. त्यांनी पॅनलला फॅन आणि फिल्टर दिले. पुण्यात एखाद्या स्वच्छ शॉपमधे चालत असतील, पण आमच्या शेजारी फाउंड्री, आत आम्ही दिवसभर बीड कापतोय, हवेत बिडाचा भुगा तरंगत असतो आणि तो वीज वाहतो. फॅन तो ओढून ओढून आत घेतो आणि ड्राइव्हच्या कार्डवर थर बसतो, मग एक दिवस फाट. कोल्हापुरात कुणी पण रेट्रोफिट करत असाल तर पॅनल बंदिस्त आणि पॅनल एसी, हे ऑर्डरमधे लिहूनच घ्या. आम्ही नंतर स्वतःच्या पैशानं लावला. पॅनल चौथऱ्यावर उंच ठेवा हे पण आम्हीच सांगितलं, २०१९ च्या ऑगस्टमधे शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलेलं सगळ्यांनी बघितलंय, २०२१ ला परत, पण पुण्याच्या माणसाच्या डोक्यात ते येत नाही.

दुसरं, पासवर्ड. पीएलसीचा, म्हणजे मशीनचे स्विच-मोटर हाकणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचा, प्रोग्राम त्यांनी कुलूपबंद करून ठेवला, बॅकअप नाही, शेवटचं पेमेंट झाल्यावर देतो म्हणाले. पेमेंट अडकू नये म्हणून त्यांची पण काळजी समजते, पण पेमेंट झाल्यावर सुद्धा द्यायला टाळाटाळ चालली होती. उद्या एक लिमिट स्विच बदलला आणि काही अडलं तर पुण्याहून माणूस येईपर्यंत टेबलवर वीस टनी क्रेननं चढवलेला जॉब तसाच बसून राहणार. शेवटी मिळालं सगळं, पेनड्राइव्हच्या दोन कॉप्या, एक काकांच्या कपाटात. ८२८डी ला एक बरं आहे, आत मेमरी टिकवायला बॅटरी नाही, जुन्या कंट्रोलला बॅटरी संपली की पॅरामीटर उडायचे आणि मग गावभर शोधाशोध.

तिसरं, ट्रेनिंग. एक तरुण पोरगं आलं, हिंदी-इंग्रजीत भराभर स्क्रीन दाखवल्या, चहा घेतला, गेलं. मामांना त्यातलं काय कळलं तर "त्ये हिरवं बटन दाबलं की सुरू व्हतंय, बाकीचं त्येलाच ठावं." नंतर आमच्याच आयटीआय झालेल्या एका पोरानं मामांसोबत बसून शॉपटर्न शिकवलं, त्यात जी-कोड लिहायला लागत नाही, व्यास टाका, उंची टाका, खोबण टाका, चित्र येतं. मामांना चित्र बघितल्यावर पटलं. आता ते त्या पोराला कट ऐकायला शिकवतात, टूल कधी रडायला लागलंय ते लोड मीटरच्या आधी त्यांच्या कानाला कळतं, आणि ते दोघं मिळून जे काम काढतात ते आधी एकटे मामा किंवा एकटं पोरगं काढू शकले नसते. ह्याचं श्रेय पार्टीला शून्य.

चौथं, वेळ. आम्ही मुद्दाम गाळप हंगामात मशीन उघडायला दिलं, कारखाने चालू असतात तेव्हा रिपेअर कुणी आणत नाही. ठरलेलं की उन्हाळ्याच्या आत देणार. दिलं कधी तर पहिली टर्बाईन उघडून कारखान्याचा इंजिनिअर दारात उभा राहिल्यावर. त्या मधल्या काळात दोन जॉब बाहेर दुसरीकडं करून घ्यायला लागले, आणि ते नुसत्या पैशाचं नुकसान नव्हतं, एकदा कस्टमरला दुसऱ्या शॉपचा रस्ता दिसला की तो दिसला. ऑर्डरमधे उशिराचा दंड लिहून घ्या, नुसतं तोंडी नको.

आणि मग तो टीव्ही. इंडस्ट्री फोर पॉइंट झीरो, हे नाव जर्मनांनी २०११ ला हॅनोव्हरच्या प्रदर्शनात काढलं आणि आता आपल्याकडं कटलरी विकल्यागत दारोदार विकलं जातंय. ह्यांच्या पॅकेजमधे मशीनला एक डबी, ती डेटा गोळा करते, आणि भिंतीवर एक मोठा टीव्ही ज्यावर मशीन किती टक्के चाललं ते रंगीत काट्यांत दिसतं. अहो, आमचा एक जॉब टेबलवर चढवून, क्लँप करून, डायल लावून सेट करायलाच अर्धी शिफ्ट जाते, तेवढा वेळ टीव्हीवर लाल, मशीन बंद, उत्पादन शून्य. पण त्याच अर्ध्या शिफ्टमधे जॉब वाचतो किंवा मरतो. एका दिवसात शेकडो पिस्टन काढणाऱ्याला ही टक्केवारी ठीक आहे, आमच्यासारख्या एकेक नग करणाऱ्याला तो टीव्ही बघून फक्त चिडचिड होते. काका त्याला "शेअर बाजार" म्हणतात.

तरी खोटं बोलणार नाही, कस्टमरची ऑडिट टीम आली तेव्हा आत शिरल्या शिरल्या त्यांनी आधी त्या टीव्हीचा फोटो काढला. मिस्त्रींचं स्क्रॅपिंग बघायला कुणी वाकलं नाही. लेझर रिपोर्ट मागितला, बघितला, ठेवून दिला. त्यामुळं टीव्ही चालू असतो, कुणी येणार असलं की. त्या डबीतला एकच भाग खरा उपयोगाचा निघाला, स्पिंडल लोडचा रेकॉर्ड, खोबण मारताना लोड अचानक उडी मारतो तिथं कास्टिंगमधे कठीण गाठ किंवा वाळू, ते फाउंड्रीवाल्याला तारीख-वेळेसकट दाखवता येतं, पूर्वी नुसतं "तुमचं कास्टिंग खराब" आणि "तुमचं टूल खराब" असं चालायचं.

मोजमापाबद्दल एक, हे रिव्ह्यूत बसत नाही पण सांगतो. मशीन कितीही मायक्रॉनचं केलं तरी शेडचा पत्रा तापलेला असतो. बीड डिग्रीमागं मीटरला साधारण ११ मायक्रॉन वाढतं, दीड मीटरचा बोअर ३५ डिग्रीला आणि कस्टमरचं मोजायचं मशीन (सीएमएम) २० डिग्रीच्या खोलीत, म्हणजे पाव मिलिमीटरचा फरक नुसत्या उन्हाचा. जॉब आणि मोजायची काठी दोन्ही एकाच ठिकाणी रात्रभर ठेवली की बराच फरक मिटतो, म्हणून आम्ही रफ दिवसा आणि फिनिश पहाटे करतो. पार्टीच्या इंजिनिअरनं आम्हाला "टेंपरेचर कॉम्पेन्सेशन मॉड्युल" विकायचा प्रयत्न केला होता, ते मशीनचं तापमान बघतं, कास्टिंगचं नाही. सरळ नको म्हटलं.

वीज बिल कमी झालं का, बरेचजण विचारतात. झालंय, जुनी डीसी आणि दिवसभर फुकट फिरणारे पंप गेले, पण महाराष्ट्राचा इंडस्ट्रीचा दर बघता त्याच्यावर खूश व्हावं असं काय नाही, निपाणीच्या पलीकडं काय दर आहे ते सगळ्यांना पाठ आहे आणि दर दोन-तीन वर्षांनी इथले उद्योजक कर्नाटकात जायची भाषा करतात ती उगाच नाही.

कुणी घ्यावं हे रेट्रोफिट? ज्याच्या मशीनचं बीड शाबूत आहे, कॉलम-रेलला तडा नाही, टेबलचा मोठा गिअर चांगला आहे, आणि जॉब जड पण नग कमी, त्यानं नक्की घ्यावं, नव्या मशीनच्या मागं लागू नये. टेबलचा गिअर गेला असेल तर हात लावू नका, त्यात जो खर्च येतो त्याला तळ नाही. आणि टेस्ट कट त्यांच्या तुकड्यावर नाही, तुमच्या जॉबवर, क्रॉसरेलच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही उंचीला, हे ऑर्डरच्या कागदावर लिहून त्यांची सही घ्या.

आमची आता जुनी हॉरिझॉन्टल बोरिंग उघडायची आहे, ती पण चेकच. ह्याच पार्टीचं कोटेशन आलंय, परत दोन पानं इलेक्ट्रिकल आणि एक ओळ मेकॅनिकल. इलेक्ट्रिकल त्यांनाच देणार, टीव्ही सोडून. मेकॅनिकलची ओळ पेनानं खोडली आणि ते काम थेट इचलकरंजीच्या मिस्त्रींना दिलं, ॲडव्हान्स पण पोचवला, फक्त ते म्हणतात पावसाळा संपल्याशिवाय निळा नीट बसत नाही, तोवर मशीन उघडू नका.